दोन टोकांच्या बायका

समीक्षा मॅडमचा फोन आला तेव्हा गिरणीत नाचणी चालू होती. पट्ट्याच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून मी बाहेर रस्त्यावर आलो. त्या म्हणाल्या की अभ्यास संपला, कुणाची गोळी खरी होती ते आता उघड झालंय, जमेल तेव्हा ठाण्याला येऊन जा. मी विचारलं, आता येऊन काय करू? त्या म्हणाल्या, "काका, तुळसाकाकूंबद्दल मला तुमच्याशीच बोलायला हवं."

तुळसा माझी बायको. तिला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

डोंबिवली पूर्वेला आमची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या मागेच दोन खोल्यांचं घर. मी दळायचो आणि ती पुढे बसून डबे मांडायची, कुणाचं आधी घ्यायचं, कुणाचं नंतर. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. ज्वारीच्या मागे गहू घेतला तर गव्हात ज्वारी उतरते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी चपात्या तुटतात म्हणून भांडायला येतं. उपासाचं तर सगळं झाडूनपुसून सकाळी पहिलं. तरीही थोडं याचं त्याच्यात जातंच. कुणी कुरकुरलं की तुळसा म्हणायची, "अहो, शेजाऱ्याचं चिमूटभर आलं तर काय वाईट झालं? तुमचंही पुढच्याकडे गेलंच की."

तिला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, पोटातलं सगळं साफ दिसायला लागलं. मग ठाण्याला नौपाड्यातल्या त्या हॉस्पिटलात आम्हाला समीक्षा मॅडम भेटल्या. वयाने आमच्या सुनेएवढ्या. त्यांनी समजावून सांगितलं की आजार परत येऊ नये म्हणून एक नवी गोळी आहे, तिचा अभ्यास चाललाय. निम्म्या बायकांना खरी गोळी मिळणार, निम्म्यांना दिसायला अगदी तशीच पण साधी, औषध नसलेली. कुणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवणार. बाईलाही कळणार नाही आणि डॉक्टरलाही नाही. तुळसा म्हणाली, "म्हणजे एकीला जेवण आणि एकीला नुसतं ताट." मॅडम हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. आम्ही सही केली.

पहिल्याच दिवशी तिथे बाकावर तिला शेवंताबाई भेटली. खडवलीची. नवरा नाही, मुलगा नि सून आहेत, नदीच्या बाजूला थोडी जमीन आहे आणि त्यात ती भाजी करते. आजार तोच, ऑपरेशन त्याच महिन्यातलं. दोघी बोलायला लागल्या त्या तुळसा जाईपर्यंत थांबल्या नाहीत. दर महिन्याला बाटली आणायला ठाण्याला जायचं, रिकामी बाटली परत द्यायची, रक्त द्यायचं. येताना तुळसा तिला डोंबिवलीला उतरवून घरी घेऊन यायची. कसाऱ्याची गाडी मिळेपर्यंत जेवायचं, पडायचं, बोलायचं. मी गिरणीत असायचो. मधल्या दारातून मला त्यांचं हसणं ऐकू यायचं. एवढा मोठा आजार झालेल्या दोन बायका कशाला एवढ्या हसतात, असं मला वाटायचं. विचारलं की तुळसा म्हणायची, तुम्ही तुमचं दळा.

सुरुवातीच्या महिन्यांत तुळसाचे तळहात लाल झाले. मग कातडी सुटायला लागली. पीठ मळता येईना, भांडं धरता येईना. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, खऱ्या गोळीने असं होऊ शकतं, पण दुसऱ्या कशानेही होऊ शकतं, तुम्ही अंदाज बांधू नका. आम्ही बांधला. मी तर फडके रोडच्या गणपतीला नारळ ठेवून आलो. बायकोच्या हाताची साल निघते म्हणून नारळ ठेवणारा मी एकटाच असेन. रोज संध्याकाळी मी तिचे हात मांडीवर घेऊन खोबरेल लावायचो आणि भाकऱ्या मीच थापायचो. ती माझ्या भाकरीकडे बघून म्हणायची, "हा कुठल्या देशाचा नकाशा?"

काही महिन्यांनी हात बरे व्हायला लागले. पूर्ण नाही, पण पुष्कळ. ती पुन्हा पीठ मळायला लागली. मला त्याचाही आनंद झाला. शरीराला औषधाची सवय झाली असेल, असं मी धरलं.

मग तिचं पोट फुगायला लागलं. दोन घासांत पोट भरल्यासारखं व्हायचं. आजार परत आला होता. पुन्हा केमो, पोटातलं पाणी काढणं, ते सगळं मी इथे लिहीत नाही. ती माघात गेली. शेवंताबाई आली होती. ती दाराशी उभी राहिली आणि आत आलीच नाही. तिथूनच परत गेली. त्यानंतर ती मला दिसली नव्हती.

तर मी ठाण्याला गेलो. मॅडमनी चहा मागवला. त्यांनी एका कागदावर आडवी रेघ मारली आणि तिच्यावर ठिपके काढले. एक ठिपका एक बाई. रेघेच्या या बाजूला ज्यांचा आजार लवकर परतला त्या, त्या बाजूला ज्या अजून बऱ्या आहेत त्या. मग त्यांनी सांगितलं की तुळसाची गोळी खरी होती.

मला ते माहीतच होतं.

त्या म्हणाल्या, खरी गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये सगळ्यात आधी आजार परतला तो तुळसाकाकूंचा. बाकीच्यांपेक्षा खूपच आधी. आणि साध्या गोळीवर असूनही सगळ्यात जास्त काळ बरी राहिलेली बाई म्हणजे शेवंताबाई. ही दोन टोकं. आपल्याकडच्या बायका थोड्याच आहेत, आणि ही दोन टोकं बाकीच्यांपासून इतकी लांब आहेत की सगळा हिशेब ओढला जातो. या दोघी सोडल्या तर औषध काम करताना दिसतं. या दोघी धरल्या की दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. औषध घेतलं काय नि नाही घेतलं काय.

मी म्हटलं, मग औषध चांगलं की वाईट?

"तेच तर कळत नाहीये, काका. असंच राहिलं तर हे औषध पुढे जाणार नाही. पण मला टोकं फेकून द्यायची नाहीत. वैद्यकात टोकाच्या माणसांकडूनच जास्त शिकायला मिळतं. काकूंच्या शरीरात असं काय होतं की औषध चाललंच नाही? आणि शेवंताबाईंच्या शरीरात असं काय आहे की औषधाशिवाय त्या तगल्या?"

तुळसाच्या ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा एक तुकडा हॉस्पिटलात जपून ठेवलेला होता. तो तपासायला त्यांना माझी परवानगी हवी होती. आणि शेवंताबाईचं रक्त हवं होतं, पण ती फोन उचलत नव्हती. तिची बाटली मुलगा येऊन घेऊन जायचा. आता तीही बंद होणार होती, कारण साधी गोळी चालू ठेवण्यात अर्थ नव्हता. मॅडम म्हणाल्या, तुमचं त्या ऐकतील, त्यांना एकदा घेऊन या.

मी परवानगी दिली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. विचार करतो म्हणालो. डोक्यात एकच चाललं होतं. सगळ्यांना लागू पडलं, मग माझ्याच बाईला का नाही? पथ्य आम्ही पाळलं होतं. गोळी तिने एक वेळही चुकवली नव्हती, रिकामी बाटली माझ्या डोळ्यांसमोर पिशवीत जायची. मग तिच्यातच असं काय कमी होतं?

रात्री सुशांतचा फोन आला, आमचा मुलगा. तो घोडबंदर रोडला राहतो, कंपनीत आकड्यांचंच काम करतो. मी त्याला रेघ आणि ठिपके सांगितले. तो म्हणाला, "बाबा, याला आउटलायर म्हणतात, बाकीच्यांपासून लांब पडलेला आकडा. आमच्याकडे असं एखादं आलं की आधी ते काढून टाकतात." मग त्याला आपण कुणाबद्दल बोलतोय ते आठवलं असावं. त्याने जेवलात का, असं विचारलं. मी जेवलो होतो.

चारपाच दिवसांनी मी गिरणी बंद ठेवून खडवलीला गेलो. शेवंताबाई पडवीत बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. मला बघून उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "भावजी, तुमी आलाव? या. बसा." सुनेला हाक मारून तिने पाणी आणायला सांगितलं. ती मला वाळलेली वाटली. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही, हल्ली दोन घास खाल्ले की पोट भरतं, वयाचं असंल.

ते ऐकल्यावर मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

मी तिला हॉस्पिटलात का येत नाही ते विचारलं. ती म्हणाली, त्या बाकावर बसवत नाय. शेजारची जागा रिकामी दिसते. मी म्हटलं, मॅडमना तुमचं रक्त हवंय. तुम्ही इतक्या छान राहिलात त्याचं त्यांना नवल वाटतंय. आणि तुळसाला औषध लागू का पडलं नाही, ते त्यांना शोधायचंय. मलाही ते कळायला हवंय. तेवढं कळलं तरी मी गप्प बसेन.

शेवंताबाईने जुडी बांधता बांधता माझ्याकडे बघितलं. ती थोडी हसली, जुन्या गोष्टीला हसतात तसं.

"त्या बाईंना काय कलनार, भावजी? आमी गोल्या मिसलायचो."

मला समजलं नाही. तिने मग सगळं सांगितलं. लपवून ठेवल्यासारखं नाही, लेकीबाळींच्या खोड्या सांगाव्या तसं. बाटल्या घेऊन आमच्या घरी आल्या की तुळसा परात काढायची. दोन्ही बाटल्या परातीत ओतायच्या. गोळ्या दिसायला सारख्याच. तुळसा त्या हाताने कालवायची, मग दोघी समोरासमोर बसून वाटून घ्यायच्या, एक तुला, एक मला, आणि ज्याच्या त्याच्या बाटलीत भरायच्या. मोजणीत फरक येत नव्हता, म्हणून हॉस्पिटलात कुणाला कळलं नाही.

"तुलसाताय बोलली, एकीचं पोट भरायचं नि एकीनं उपाशी मरायचं, असला खेल आपल्याला नको. जे काय हाय ते दोघी निम्मं निम्मं खाऊ. गिरनीत नाय का याचं पीठ त्याच्यात जात, तसंच समज. तुमाला सांगायचं नाय बोलली. तुमी मॅडमला सांगून मोकले झाले असते."

मी विचारलं, हे कधीपासून?

तिला महिना आठवेना. ती म्हणाली, ताईचे हात सोलवटले होते ना, त्यानंतर.

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी पडवीतून उठलो आणि घराच्या मागे गेलो, हात धुवायचे आहेत म्हणून. तिथे केळीजवळ पाण्याचं पिंप होतं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. तिचे हात बरे झाले तेव्हा मला आनंद झाला होता. शरीराला सवय झाली, असं मी गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. औषध निम्मं झालं म्हणून हात बरे झाले होते. मी रोज ते हात बघत होतो, आणि माझी बायको माझ्या डोळ्यांसमोर स्वतःचं औषध वाटत होती, आणि मी खूश होतो.

आणि तुळसाला माहीत होतं. हात तिचे सोलले होते, शेवंताचे नाही. खरी बाटली कुणाची हे दोघींच्या हातांवर लिहिलेलं होतं. ते बघूनच तिने परात काढली. तिने मला विचारलं नाही. ते आयुष्य तिचं होतं, हे मला मान्य आहे. पण थोडं माझंही होतं.

त्या पिंपाजवळ माझ्या मनात जे आलं ते लिहितो. मनात आलं की काही बोलू नये. पुढे जाऊन चहा घ्यावा आणि गाडी पकडावी. तुळसाची गोळी बंद झाल्यापासून या बाईच्या बाटलीत नुसत्या साध्या गोळ्या होत्या. आता त्याही बंद होतील. मॅडम म्हणतील, तुम्ही ठणठणीत आहात, तुम्हाला औषधाची गरजच नाही. दोन घासांत पोट भरायला लागलंच आहे. मी काही करायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं.

किती वेळ उभा होतो कोण जाणे. सून मागे आली आणि म्हणाली, काका, चहा झालाय. मी पुढे गेलो.

शेवंताबाईने माझा चेहरा बघितला असणार. ती म्हणाली, "आता तर मॅडमला कललं असंल. खरी कुनाची होती?"

मी म्हटलं, "तुळसाची."

तिच्या हातात मेथीची काडी होती. ती तिने खाली ठेवली, पुन्हा उचलली. मी बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर पुढचं बोलता आलं नसतं. तुमची साधी होती. तुम्ही ज्यावर तगलात ते तिचं निम्मं होतं. तिची गोळी बंद झाल्यापासून तुमच्या पोटात औषध नाही. पोट भरल्यासारखं होतंय ते वयाने नाही, तिलाही असंच झालं होतं. तुम्हाला माझ्याबरोबर ठाण्याला यायला हवं आणि परातीचं सगळं मॅडमना तुमच्या तोंडाने सांगायला हवं. नाहीतर त्या तुम्हाला घरी पाठवतील.

सून दारात उभी होती. तिने डोळ्यांना पदर लावला. शेवंताबाई रडली नाही.

ती म्हणाली, "तिला ठावं होतं, भावजी?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. पण तिनेच हात वर केला.

"नका सांगू. मना पन ठावं होतं. तिचं हात मी बघितलं होतं. नंतर माजं सोलाया लागलं तवा तर पक्कंच कललं. मी सुनंला बोलली, साबनानं झालं. तायला काय बोलली नाय. इचारलं असतं तर तिनं परात काडली नसती, अशी भीती वाटली. मना जगायचं होतं, भावजी."

तुळसालाही जगायचं होतं, असं म्हणणार होतो. पण ते मला खात्रीने माहीत आहे का, असा प्रश्न पडला. चहावर साय आली होती. तो मी तसाच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा तिला ठाण्याला घेऊन आला. मी बाहेर थांबतो म्हटलं, पण ती म्हणाली आत या. तिने मॅडमना सगळं सांगितलं, परात, वाटणी, स्वतःला ठाऊक होतं तेही. एकदाही थांबली नाही. मॅडम आधी लिहीत होत्या, मग त्यांनी पेन ठेवलं. चष्मा काढून डोळे चोळले. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "असं मला कुणी शिकवलं नव्हतं."

मग त्यांनी काय होणार ते सांगितलं. हे सगळं वर कळवावं लागेल. दोघींचे आकडे जसे होते तसे दाखवावेच लागतील, पण औषध चाललं की नाही हे बघताना दोघींना बाजूला ठेवावं लागेल. कारण तुळसा खऱ्या गोळीवर नव्हती आणि शेवंता साध्या गोळीवर नव्हती. दोघी कुठल्याच बाजूच्या नव्हत्या.

"मग औषध चालतं?" मी विचारलं.

"चालताना दिसतंय, काका." हे म्हणताना त्यांचा चेहरा एकदम उजळला. लगेच त्यांना माझ्याकडे बघून कसंतरी झालं आणि त्यांनी मान खाली घातली. चांगली मुलगी आहे. मी म्हटलं, आनंद झाला असेल तर होऊ द्या, त्यात काही चूक नाही.

तुळसाचा तुकडा तपासायची आता गरज उरली नव्हती. तिच्या शरीरात काही कमी नव्हतं. हे ऐकायला मी किती दिवस झुरत होतो, आणि ऐकल्यावर हाताला काहीच लागलं नाही. चार दिवस ती निदान एका टोकाला तरी होती, कुणीतरी तिच्याकडे वाकून बघत होतं. आता ती त्या रेघेवर कुठेच नव्हती.

निघताना मी मॅडमना विचारलंच. शेवंताबाई बाहेर गेली होती, सोनोग्राफीला. मी म्हटलं, "पूर्ण घेतली असती तर ती राहिली असती का?"

त्या मग म्हणाल्या, "काका, शंभर बायका दिल्या तर त्यांचं मला थोडंफार सांगता येतं. एकीचं नाही सांगता येत."

मी म्हटलं, मला एकच होती.

शेवंताबाईच्या पोटात आजार परतायला लागला होता, पण अजून लहान होता. मॅडमनी पुष्कळ लिखापढी केली. आधी छोटी केमो झाली. मग संक्रांत होऊन गेल्यावर तिला खरी गोळी द्यायची परवानगी मिळाली. कुणी म्हणालं हे नियमात बसत नाही, कुणी म्हणालं बसवा, त्या भांडणात मी पडलो नाही. मॅडमनी सांगितलं की या वेळी उपयोग होईल असं वचन देता येत नाही. औषध तिला आधी अर्धं मिळालंय, आता पूर्ण मिळालं तर शरीर काय करेल कुणालाच माहीत नाही.

बाटली घ्यायला ती आली त्या दिवशी मी ठाण्याला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. सुशांतची बायको स्वप्ना म्हणालीही, बाबा, तुम्ही तिथे कशाला जाता, तुम्हालाच त्रास होतो. तुळसा असती तर ती गेलीच असती. तिच्याऐवजी जाणारं दुसरं कुणी नव्हतं.

शेवंताबाई त्याच बाकावर बसली होती. पिशवी मांडीवर, पिशवीत बाटली. शेजारची जागा रिकामी होती. मी तिथे बसलो नाही, समोर उभा राहिलो. ती म्हणाली, "भावजी, तुमचा राग हाय माज्यावर."

"आहे," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या. पन येत जा."

काउंटरवर दुसऱ्या एका नव्या अभ्यासासाठी एक बाई आली होती, तरुण, डोक्याला स्कार्फ बांधलेली. ती कुणाला तरी विचारत होती की खरी गोळी कशी ओळखायची. शेवंताबाईची नजर तिच्याकडे गेली आणि तिथेच राहिली. तिचा हात पिशवीवर होता. ती नजर मला ओळखीची होती, तुळसाची.

मी खाली वाकून शेवंताबाईला म्हटलं, "या गोळ्या तुम्ही सगळ्या घ्यायच्या. सकाळची, संध्याकाळची, एकही कमी नाही. कुणाला द्यायची नाही."

"नाय देनार," ती म्हणाली.

"शपथ घ्या."

"तुलसातायची शपथ."

ती खरं बोलत असेल. पण तुळसाबरोबर एका परातीत हात घातलेली बाई ती. तिच्या त्या शपथेवर माझा विश्वास बसला नाही. मी बाकावर तिच्या शेजारी बसलो आणि तिचा मुलगा येईपर्यंत उठलो नाही.